घसारा आणि जीर्णोद्धार

‘काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ असा फलक लोकलच्या एखाद्या जुन्या स्टेशनावर लागला, की खुशाल समजावं, आता आपल्या आयुष्याचा बराचसा काळ या फलकाच्या सहवासात जाणार. मुलं बालवाडीतून दहावीला जातात, साहेब बदलतात, सरकारं बदलतात, पासाचे दर बदलतात; फलक तिथंच असतो. पुढं पुढं तर तो फलकच जुना होतो, त्याचा पत्रा गंजतो, ‘क्षमस्व’मधला ‘क्ष’ उडून जातो, आणि मग आधी त्या फलकाचं नूतनीकरण करावं लागतं.

पण एक दिवस काम खरोखरच संपतं. पत्रे उतरतात, फिती कापल्या जातात आणि आतून एक चकचकीत स्टेशन बाहेर येतं. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला जो प्रश्न पडतो तो असा: हे स्टेशन तेच का? आणि तेच नसेल, तर जे होतं ते कुणी नेलं, आणि न्यायला कुणाला विचारलं?

आता वाणिज्य शाखेच्या पदवीधराने असले प्रश्न विचारू नयेत असा एक संकेत आहे. तत्त्वज्ञान कला शाखेवाल्यांनी करावं, यंत्रं विज्ञानवाल्यांनी करावीत आणि या दोघांच्या पगाराचे धनादेश आम्ही वटवावेत, अशी समाजाने वाटणी केली आहे. पण खरं सांगू का, या विषयातलं सगळ्यात खोल तत्त्वज्ञान बी.कॉम.च्या पुस्तकातच आहे. त्याचं नाव घसारा.

घसारा म्हणजे काय? तर कुठलीही वस्तू वापरली की झिजते, म्हणून दरवर्षी तिची किंमत वहीत थोडीथोडी कमी करत जायची. टेबल असो, पंखा असो, तिजोरी असो. कुणाची गय नाही. करता करता किंमत शून्यावर येते. पण जुन्या वळणाचे हिशेबनीस ती शून्य करत नाहीत, वहीत एक रुपया ठेवतात. एक रुपया अशासाठी, की वस्तू अजून आहे, कामाला येते आहे, याचा विसर पडू नये. ज्याने हा एक रुपया शोधून काढला तो माझ्या मते मोठा कवी असला पाहिजे. पोटासाठी जमाखर्च लिहीत असेल.

हा घसारा डोळ्यांनी पाहायचा असेल तर जुन्या स्टेशनाच्या दगडी जिन्याकडे पाहावं. पायरी कडेला सरळ असते आणि मध्यभागी वाटीसारखी खोल गेलेली असते. ती वाटी कुणी कोरलेली नाही. गिरणीतले कामगार, माटुंग्याचे मास्तर, भायखळ्याच्या बाजाराला जाणारे भाजीवाले, डबेवाले, माझ्यासारखे कारकून, एवढ्यांच्या पायांनी रोज केसाच्या हजाराव्या भागाइतका दगड घरी नेला म्हणून ती झाली. त्या पायरीत पाय बरोबर बसतो. नवीन ग्रॅनाइटच्या पायरीत तो बसत नाही, फक्त पडतो. पावसाळ्यात तर अक्षरशः पडतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की जुनं बदलायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. डागडुजी, दुरुस्ती, नूतनीकरण, सुशोभीकरण, पुनर्विकास आणि जीर्णोद्धार. वरवर पाहता हे सगळे एकाच कुळातले वाटतात. पण तसं नाही. डागडुजी म्हणजे गळतं तिथं डांबर लावणं. दुरुस्ती म्हणजे ते डांबर काढून दुसरं लावणं. सुशोभीकरण म्हणजे गळतं तिथं चित्र काढणं. नूतनीकरणात वस्तू तीच ठेवून बाकी सगळं बदलतात. पुनर्विकासात बाकी सगळं तेच राहतं, फक्त वस्तू जाते आणि वर टॉवर येतो. आणि जीर्णोद्धार? तो शब्द देवळाचा आहे. त्याच्याकडे आपण पुढं येऊ. गाडी सिग्नलला उभी आहे असं समजा.

आधी ते ‘तेच का’ पाहू. हा प्रश्न मी काढलेला नाही. तो ग्रीक लोकांनी काढला. प्लुटार्कने लिहून ठेवलंय, की थिसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. एखादी फळी कुजली की काढून नवी बसवायची. असं करता करता जहाज तेच की दुसरं, यावर तिथल्या तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. पुढं हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी पाचर मारली. तो म्हणाला, समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवल्या आणि त्या जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कुठलं?

हॉब्जला वाटलं असेल की आपण फार अवघड उदाहरण दिलं. आमच्याकडे ते रोज घडतं. जुन्या स्टेशनातलं सागवानी बाकडं भंगारात जातं, भंगारवाल्याकडून ते गिरणीच्या जागी निघालेल्या एखाद्या महागड्या हॉटेलात जातं, शेजारी जुनं घड्याळ आणि सिग्नलचा कंदील लावतात, आणि तिथं बसून माणसं अडीचशे रुपयांचा चहा पितात. एवढ्या पैशांत आमचा फर्स्ट क्लासचा नाही तरी सेकंड क्लासचा पास निघतो. आता सांगा, खरं स्टेशन कुठलं? जिथं बाकडं आहे पण गाडी येत नाही ते, की जिथं गाडी येते पण बसायला बाकडं नाही ते?

आपल्या आजीने हा प्रश्न ग्रीकांच्या मदतीशिवाय सोडवला होता. तिच्या गोधडीत दरवर्षी एक जुनं लुगडं जायचं आणि एक फाटका तुकडा निघायचा. वीस वर्षांनी त्यात मूळचा दोराही उरलेला नसे. पण ती आजीचीच गोधडी. का? तर पांघरणारी माणसं तीच होती आणि थंडी तीच होती.

आमच्या धंद्यातही हेच. २०२० साली बऱ्याच सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली. पाटी बदलली, पासबुकाचा रंग बदलला, आयएफएससी नंबर बदलला. एक आजीबाई काऊंटरवर येऊन म्हणाल्या, “अहो साहेब, ही आमचीच बँक ना?” मी म्हटलं, “हो आजी, तुमचीच.” त्यांनी काचेतून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “तुम्ही तेच आहात म्हणजे असेल.” बँकेची ओळख पटवायला माझा चेहरा उपयोगी पडला, याचा मला दिवसभर अभिमान वाटत होता. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “केवायसी घेतलं का?”

याच्या उलटही होतं. फळी एकसुद्धा हलत नाही आणि जहाज मात्र बदलतं. दादर घ्या. दादरला पश्चिम रेल्वेचा एक नंबर होता आणि मध्य रेल्वेचाही एक नंबर होता. “दादरला एक नंबरवर भेट” असं म्हणून ज्यांनी ज्यांनी भेटी ठरवल्या, त्यांतली निम्मी माणसं पुलाच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना मनात शिव्या देत घरी गेली असतील. किती लग्नं त्यामुळे मोडली आणि किती वाचली, याची नोंद रेल्वे ठेवत नाही. शेवटी ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा असे सरळ आकडे झाले. फलाट तिथंच, पंखे तिथंच, गर्दी तीच. पण कालचा एक आज आठ. फलाटाचं नूतनीकरण सोळा आणे झालं आणि खर्च फक्त रंगाच्या डब्याचा. मी याला आदर्श योजना मानतो.

पण सगळीच कामं अशी रंगाच्या डब्यात होत नाहीत. इथं आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष आमच्या सोसायटीतले एक आजोबा. वय ऐंशीच्या पुढं. गॅलरीत आरामखुर्ची. तिथून स्टेशन दिसतं. कुठंही एक वीट हलली की त्यांचा जीव कासावीस होतो. “अरे, आमच्या वेळचं स्टेशन म्हणजे दगड होता, दगड! आणि तिकिटं कशी? जाड पुठ्ठ्याची! टीसी ते कट्‌कन पंच करायचा, तो आवाज ऐकूनच प्रवास झाल्यासारखा वाटायचा. आताचं ते मोबाइलमधलं तिकीट! त्याला काय पंच करणार? कपाळ?”

हे मला शंभर टक्के पटतं. पुठ्ठ्याची तिकिटं मीही जमवली आहेत. म्हणून मी घरी येऊन आजोबांची बाजू मोठ्या पोटतिडकीने मांडली. आमची ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “आजोबा गॅलरीतून बोलतात. मी पुलावरून बोलते. संध्याकाळी सहा चाळीसला तुमच्या त्या दगडी जिन्यावरून दोन पिशव्या घेऊन उतरून दाखवा, मग वारसा जपू.”

दुसरा पक्ष हा.

या वाक्यानंतर मी बराच वेळ पेपर वाचत असल्याचं दाखवलं. पण मुद्दा डोक्यातून जाईना. कारण जुन्या स्टेशनावर सगळ्यात जास्त प्रेम कोण करतं? ज्याला आता तिथून जावं लागत नाही तो. आठवण ही वस्तूच अशी आहे की तिला गर्दी होत नाही. आठवणीतल्या पुलावर नेहमी जागा असते, वारा येतो, खाली गाडी शिटी देते. प्रत्यक्षातल्या पुलावर बाईच्या पाठीशी पाठ, तिच्या कडेवर मूल आणि मुलाच्या तोंडात कुणाच्या तरी छत्रीचं टोक.

आणि एक सकाळ अशी आहे, की तिच्यापुढं थट्टा थांबते. २९ सप्टेंबर २०१७. दुसऱ्या दिवशी दसरा. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्टेशनं जोडणारा अरुंद पूल. बाहेर जोराचा पाऊस, म्हणून माणसं जिन्यावरच थांबलेली. मागून गाड्या आणखी माणसं आणून सोडतायत. त्या जिन्यावर चेंगरून तेवीस माणसं गेली. ‘फूल पडलं’ याचं हिंदीतलं वाक्य ‘पूल पडला’ असं ऐकलं गेलं आणि पळापळ झाली, असंही तेव्हा पेपरांत आलं होतं. खरं असो, खोटं असो. पूल पडला नव्हता. पूल शाबूत होता. तो फक्त जुन्या काळच्या गर्दीच्या मापाचा राहिला होता. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, माणसं किती पटींनी वाढली; जिना तेवढाच राहिला. पुढं लष्कराने नवा पूल बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. काम जाहीर झाल्यापासून चार महिने पुरते झाले नव्हते. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. त्याच वर्षी जुलैत स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं. अजूनही गाडीत कुणीतरी ‘एल्फिन्स्टन आलं का?’ असं विचारतो. त्याच्या मनात कुठलाही गव्हर्नर नसतो. त्याला फक्त उतरायचं असतं.

त्या जिन्याच्या पायऱ्याही झिजलेल्याच असतील. त्यांच्या वाटीसारख्या खोलगटपणावर मला आता ललित लेख लिहिता येत नाही.

मग काय, जुनं सगळं पाडावं? इथं माझं बी.कॉम. नाही, तर बँकेतली नोकरी मदतीला धावली. आमच्याकडे मालमत्ता तारण ठेवतात तेव्हा तिच्यावर बोजा चढतो. एकाच घरावर दोन कर्जं असली तर पहिला बोजा कुणाचा आणि दुसरा कुणाचा, हे कागदोपत्री ठरलेलं असतं. पहिल्याचं देणं आधी भागायचं. ते भागेपर्यंत दुसऱ्याने गप्प बसायचं. पण, आणि हे फार महत्त्वाचं आहे, पहिल्याचं भागल्यावर जे उरतं ते दुसऱ्याचं असतं. ते तिसऱ्याच कुणी उचलून न्यायचं नसतं.

माझ्या मते जुन्या स्टेशनावर असे दोन बोजे आहेत. पहिला बोजा पायांचा: आज, आत्ता, सहा चाळीसला तिथं असलेल्या पायांचा. दुखऱ्या गुडघ्यांचा, कुबड्यांचा, पाटीवाल्यांचा, पोटुशा बाईचा. दुसरा बोजा आठवणींचा: आजोबांचा, माझा, आणि ज्यांनी तो दगड झिजवला पण ज्यांचं नाव कुठल्याही कोनशिलेवर नाही, त्या सगळ्यांचा. आजोबांची चूक एवढीच, की ते दुसरा बोजा पहिला म्हणून वसूल करू पाहतात. आणि कंत्राटदाराची चूक ही, की तो दोघांनाही बाजूला सारून मध्येच टाइल्स बसवतो.

आता जीर्णोद्धार. काशी विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलं. दगड नवे होते; पण त्याला कुणी ‘नवीन देऊळ’ म्हणालं नाही, कारण देवळाचं देवळपण दगडात नव्हतं, गाभाऱ्यात होतं. जीर्णोद्धाराचा साधा नियम असा, की आधी देवाची सोय, मग कळसाचा सोन्याचा मुलामा. आम्ही स्टेशनाच्या बाबतीत नेमकं उलटं करतो. कळस आधी रंगवतो. भिंतीवर वारली चित्रं येतात, कारंजं येतं, सेल्फीसाठी बाक येतो. आणि देव तिकडं पुलावर चेंगरून उभा असतो. देव कोण, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या गळ्यात हार नसतो, पास असतो.

फलाटांचंच पाहा. गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडून माणसं जायची. २०१४ साली घाटकोपरला एका मुलीचे दोन्ही हात त्या फटीने नेले, तेव्हा उच्च न्यायालयाने लक्ष घातलं. ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचे फलाट उचलून ९०० च्या आसपास नेण्यात आले. हा खरा गाभाऱ्यातला जीर्णोद्धार. त्याचा कुणी फोटो काढत नाही. ८० मिलिमीटरबरोबर सेल्फी काढता येत नाही. गंमत एवढीच, की एका स्टेशनावर फलाट वर आला आणि बाकडी तिथंच राहिली. त्यांचे पाय काँक्रीटमध्ये गडप झाले. आता त्यावर बसलं की पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतं आणि समोर गाडी आली की चित्राहुती घालाव्याशा वाटतात.

आणि दुसरा बोजाही फेडता येतो, हे भायखळ्याने दाखवून दिलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली त्या काळातलं हे स्टेशन. दगडी इमारतीवर वर्षानुवर्षांचे रंगाचे थर चढले होते. ते पाडलं नाही, त्याच्यावर काचही मढवली नाही. थर उतरवून आतला दगड आणि लाकूड मोकळं केलं. २०२२ साली त्याला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत मान मिळाला. मी मुद्दाम उतरून पाहिलं. नव्याचा वास नव्हता. एखादा म्हातारा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसावा, तसं ते स्टेशन बसलं होतं. आणि त्याच्या पुढून गाड्या पकडायला लोक धावत होते. त्यांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. हीच त्या कामाची पावती.

एक हिशेब मात्र राहून जातो. आमच्या गाडीत एक अंध गृहस्थ पेनं विकतात. त्यांना जुनं स्टेशन पाठ होतं: जिन्यापासून चौदा पावलं, मग खांब, मग नळ, मग अपंगांच्या डब्याची जागा दाखवणारा तो ‘पीप पीप’ आवाज. नूतनीकरणात नळ हलला, खांब हलला. त्यांना विचारलं, “काका, नवीन कसं आहे?” ते म्हणाले, “चांगलं असेल. अजून पाठ व्हायचंय.” नवीन पट्ट्या पायाला लागतात, जिना रुंद आहे, हे त्यांनीच पुढं सांगितलं. त्यांची तक्रार नव्हती. पण त्या ‘अजून पाठ व्हायचंय’चा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. काम सुरू व्हायच्या आधी अशा चार माणसांना हाताला धरून फिरवलं आणि विचारलं, तर त्याला किती पैसे लागतील? तेही मला वाटतं, एक रुपया.

तेव्हा माझी मागणी फार नाही. जिना रुंद करा, पूल दुसरा बांधा, तिसरा बांधा. सरकता जिना बसवा आणि जमल्यास तो सरकवा. दगडी पायऱ्या काढायच्या तर खुशाल काढा; आमच्या हिचा आशीर्वाद लागेल. त्यातली एकच पायरी, मधोमध सगळ्यात खोल झिजलेली, फलाटाच्या कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी ठेवून द्या. तिच्यावर पाटी नको, काच नको, भोवती साखळी तर नकोच. कुणी बसलं तर बसू द्या, कुणी पिशवी टेकली तर टेकू द्या. वहीत मात्र तिची नोंद राहू द्या: दगडी पायरी, नग एक, किंमत रुपये एक फक्त.